पांढऱ्या पानावरचा राहिलेला शिक्का

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एअर गेज तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे. एखाद्या भागाचा आतला व्यास मायक्रॉनमध्ये मोजायचा असेल, तर आमचा प्रोब त्या छिद्रात घालतात, त्याच्या बारीक तोंडांतून दाबाची हवा सोडतात आणि हवेच्या उलट दाबात पडणाऱ्या फरकावरून माप काढतात. हे उपकरण शून्यावर लावण्यासाठी ज्या कडक पोलादी कड्या लागतात, त्यांना आम्ही मास्टर रिंग म्हणतो. रिंग नसेल तर गेज आंधळे. २०२४ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरणाऱ्या ‘कंट्रोल’ या गुणवत्ता-तपासणीच्या प्रदर्शनात आम्ही प्रथमच जागा घेतली, आणि प्रदर्शन आटोपल्यावर तीच उपकरणे घेऊन स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे एका कारखान्यात प्रात्यक्षिक दाखवण्याचेही ठरले. माल विकायचा नव्हता. न्यायचा, दाखवायचा आणि परत आणायचा होता.

ही गोष्ट ऐकायला जितकी साधी वाटते तितकी कस्टम्सच्या दृष्टीने साधी नाही. परक्या देशात माल शिरला की तो आयातच ठरतो, आणि ‘मी हा परत नेणार आहे’ या आपल्या शब्दावर कोणीही अधिकारी माल सोडत नाही. जर्मनीत अशा वेळी शुल्क आणि १९ टक्के आयात-विक्रीकर यांच्याइतकी रक्कम तारण म्हणून ठेवावी लागली असती आणि ती सोडवून घेण्यासाठी नंतर तिथल्या एजंटामार्फत पत्रव्यवहार करावा लागला असता. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून औद्योगिक मालावरील आयातशुल्क काढून टाकले असले, तरी ८.१ टक्के मूल्यवर्धित कर तसाच होता. दोन देशांत दोन तारणे, दोन भाषांतले कागद आणि परत आल्यावर ‘हा आमचाच माल आहे’ हे मुंबईत पुन्हा सिद्ध करणे, या सगळ्याला पर्याय म्हणून मुंबईच्या आमच्या सीएचएने, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटाने, एटीए कार्नेट सुचवले. हे गृहस्थ वयाने मोठे आहेत आणि सहारच्या कार्गो संकुलात त्यांची हयात गेली आहे. मी त्यांना काका म्हणतो.

कार्नेट म्हणजे मालाचा पासपोर्ट, असे सगळेच सांगतात, आणि ते निम्मेच खरे आहे. पासपोर्ट आपण कोण हे सांगतो. कार्नेट त्याखेरीज जामीनही राहते. १९६१ साली ब्रुसेल्स येथे झालेल्या करारातून ही पद्धत आली. नावातली तीन अक्षरे तात्पुरत्या प्रवेशासाठीच्या फ्रेंच आणि इंग्रजी शब्दांची मोळी बांधून केलेली आहेत. प्रत्येक सदस्य देशात एक व्यापारी संघटना कार्नेट देते आणि तीच हमीदार असते. आपल्याकडे हे काम फिक्की या उद्योग-व्यापार महासंघाकडे आहे. आमचा माल जर्मनीतून बाहेर पडलाच नाही, तर जर्मन कस्टम्स तिथल्या हमीदार संघटनेकडे, म्हणजे डीआयएचकेकडे, पैसे मागणार, ती फिक्कीकडे मागणार आणि फिक्की आमच्याकडे. करारानुसार हा दावा शुल्क-करांच्या रकमेपेक्षा जास्तीत जास्त १० टक्क्यांनी अधिक असू शकतो. ही साखळी मला तेव्हा काकांनी टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून समजावून दिली होती. पुढे ती माझ्याच अंगावरून जाणार आहे, हे त्या वेळी माझ्या ध्यानीमनी नव्हते.

अर्जाबरोबर तारण द्यावे लागते. आम्ही मुदत ठेवीवर बँक गॅरंटी काढली. कार्नेटची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असली, तरी मुदत संपल्यानंतर आणखी वर्षभर परदेशी कस्टम्सला दावा करता येतो, त्यामुळे गॅरंटी त्याहून लांब मुदतीची लागते. बँकेतल्या अधिकाऱ्याला हे समजावून देण्यातच दोन फेऱ्या गेल्या, कारण प्रदर्शन चार दिवसांचे आणि गॅरंटी इतक्या लांबची, हा हिशेब त्याच्या गळी उतरेना.

खरे काम म्हणजे मालाची सर्वसाधारण यादी. कार्नेटच्या प्रत्येक पानामागे हीच यादी छापलेली असते आणि एकदा पुस्तक निघाले की तीत एक ओळही वाढवता येत नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, ओळखता येईल असे वर्णन, अंगावरचे खूण-क्रमांक, नग, वजन, किंमत आणि माल परदेशी बनावटीचा असेल तर त्याचा मूळ देश, असे रकाने असतात. आमचे २६ नग भरले. ‘मास्टर रिंग, ५ नग’ असे मी पहिल्या खर्ड्यात लिहिले होते. काकांनी त्यावर काट मारून विचारले, ‘‘पाचांतली एक बदलून तुम्ही तिथं दुसरी ठेवली, तर त्या साहेबानं ओळखायचं कसं?’’ मग प्रत्येक रिंगेला वेगळी ओळ मिळाली. आमच्या डिस्प्ले युनिटमधला एक दाबमापक सेन्सर जर्मन बनावटीचा होता. तो आम्ही सुटा, जादा म्हणूनही नेत होतो. जर्मनीत तयार झालेली वस्तू जर्मनीत नेताना यादीत लिहायची आणि मूळ देश म्हणून जर्मनी भरायचा, याची मला गंमत वाटली, पण नियम तसाच आहे.

जे संपणार किंवा वाटले जाणार, ते कार्नेटवर जात नाही. म्हणजे माहितीपत्रके नाहीत, गंजरोधक तेलाची बाटली नाही आणि स्टॉलवर येणाऱ्यांना देण्यासाठी माझ्या पत्नीने हौसेने आणलेली लोणावळ्याची चिक्कीही नाही. चिक्की माझ्या कपड्यांच्या बॅगेतून गेली. पेटीचाही एक किस्सा झाला. आमच्या सुताराने जुन्या पाइनच्या फळ्यांची झकास पेटी केली होती, पण अशा अखंड लाकडाच्या वेष्टनावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का, म्हणजे गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, लागते असे कळले. शेवटी प्लायवूडच्या दोन पेट्या केल्या. प्लायवूडला तो नियम लागू नाही. दोन पेट्या, ४६ किलो, यादीतील किंमत ११ लाख ४० हजार रुपये.

अर्जात आणखी एक प्रश्न असतो: कोणत्या रंगाची पाने किती हवीत. हिरवे मुखपृष्ठ, आपल्या देशातून निघताना आणि परतताना पिवळी पाने, परदेशात शिरताना आणि तिथून निघताना पांढरी पाने, नुसते एखाद्या देशातून पार जायचे असेल तर निळी. प्रत्येक ठिकाणी कस्टम्स व्हाउचर फाडून घेते आणि पुस्तकात उरलेल्या स्थळप्रतीवर शिक्का मारते. काकांचा सल्ला होता, ‘‘पांढऱ्यांचे दोन संच जास्तीचे मागा. कागदाला वजन नसतं.’’ मला जर्मनी एक आणि स्वित्झर्लंड एक, असे दोनच संच लागणार होते. मी दोनच मागितले. यात काटकसर अशी काहीच नव्हती. आपला प्रवास आपल्याला ठाऊक आहे, हा नुसता गर्व होता.

माल प्रवाशासोबतच्या सामानातून न्यायचा असल्याने मुंबई विमानतळावर बोर्डिंग पास घेण्याआधी कस्टम्सकडे जावे लागले. पेट्या एकदा पट्ट्यावरून आत गेल्या की दाखवायला काही उरत नाही. रात्रीचे साडेदहा वाजले होते. अधिकारी तरुण होते आणि त्यांनी काम टाळले नाही, उलट जरा जास्तच मनावर घेतले. सगळे नग बाहेर काढायला लावले. मास्टर रिंगा तेल लावून पिवळट गंजरोधक कागदात गुंडाळलेल्या असतात. बाराव्या क्रमांकाची रिंग त्यांनी कागदातून सोडवली, मोबाइलचा दिवा तिच्या कडेवर धरला आणि विचारले, ‘‘यादीत एकशे अडतीस आहे. हे मला एकशे अठ्ठ्याऐंशी दिसतंय.’’ आमच्याकडे नंबर हाताने विजेच्या पेन्सिलीने कोरतात, आणि त्या दिवशी कोरणाऱ्याचा तीन चारही बाजूंनी मिटला होता. तेलाचा थेंब त्या खाचेत बसून तो आणखीच आठासारखा दिसत होता. मी रुमालाने पुसले, त्यांनी पुन्हा पाहिले, आठच. नशिबाने प्रत्येक रिंगेचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र माझ्या फाइलमध्ये होते. त्यात नंबरही होता आणि त्या रिंगेचा प्रत्यक्ष मोजलेला व्यास दशांश चिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत होता. रिंगेवर नाममात्र माप स्वच्छ कोरलेले होते आणि त्या मापाची दुसरी रिंग यादीत नव्हती. त्यावर त्यांचे समाधान झाले. हिरव्या मुखपृष्ठावर निर्गमनाच्या कस्टम्ससाठी राखलेल्या चौकटीत त्यांनी सही-शिक्का केला, पिवळे व्हाउचर फाडून घेतले आणि जाताना सांगितले, ‘‘परत येताना हेच वाचणारा दुसरा कोणी असेल. नंबर नीट करून घ्या.’’ मात्र परदेशात तो नंबर पुन्हा कोरण्याचा मोह मी टाळला. शिक्का बसलेल्या यादीतल्या वस्तूवर नव्याने खुणा करणे मला प्रशस्त वाटेना.

फ्रँकफुर्टला लाल मार्गिकेत, म्हणजे कस्टम्सला माल दाखवणाऱ्यांच्या रांगेत, जेमतेम वीस मिनिटे लागली. तिथल्या बाईंनी दोन पेट्यांपैकी एकच उघडायला सांगितली, तीन नग ताडून पाहिले, पांढऱ्या स्थळप्रतीवर पुनर्निर्यातीची अंतिम तारीख लिहिली आणि शिक्का मारला. ही तारीख नीट वाचून घ्यावी. कार्नेटची मुदत वर्षाची असली, तरी आयात करणारा देश त्याहून अलीकडची तारीख घालू शकतो, आणि मग तीच बंधनकारक असते. माझ्या पुस्तकात ती कार्नेटच्या मुदतीइतकीच होती.

प्रदर्शनाविषयी इथे फार लिहिण्याचे कारण नाही. एवढेच, की तिसऱ्या दिवशी श्वाबेन भागातल्या एका लहान कारखानदाराला आमचा बेंच स्टँड आणि त्यासोबतचा प्रोब इतका पसंत पडला की तो रोख युरो देऊन जागच्या जागी उचलून न्यायला तयार झाला. पहिल्या प्रदर्शनात असे गिऱ्हाईक भेटणे हा योगच, आणि मला नाही म्हणावे लागले. कार्नेटवरचा माल तिथे विकला तर तो रीतसर आयात करून शुल्क आणि कर भरावे लागतात, शिवाय आपल्या बाजूला निर्यातीचे वेगळे कागद उभे करावे लागतात. मी त्याला भोसरीहून नवा संच पाठवण्याचे कबूल केले. तो थोडा नाराज झाला. मागणी मात्र पुढे जुलैमध्ये आली.

आता त्या सोमवारची गोष्ट. स्टुटगार्टजवळ माझा एक सांगलीचा मित्र राहतो. त्याने आपल्या गाडीतून मला विंटरथूरला सोडण्याचे कबूल केले होते. झिंगेनवरून पुढे सरहद्द लागते. रोज सकाळी कामासाठी ये-जा करणाऱ्यांची त्या रस्त्यावर रांग असते आणि खाजगी गाड्यांना बहुधा कोणी थांबवत नाही. आम्हालाही थांबवले नाही. मित्र गप्पांत होता, मी मांडीवर हिरवे पुस्तक घेऊन बसलो होतो आणि ‘स्विस कस्टम्सला माल दाखवायचा आहे’ एवढेच माझ्या डोक्यात घोळत होते. टायंगेनला व्यापारी मालाच्या खिडकीशी आम्ही आपणहून गेलो. स्विस अधिकाऱ्याने पेट्या पाहिल्या, पांढरे आयात-व्हाउचर फाडले, शिक्का मारला, शुभेच्छा दिल्या. मी इतका खूश झालो की बाहेर येऊन मित्राला म्हणालो, ‘‘बघ, किती सोपं आहे.’’

रात्री विंटरथूरच्या हॉटेलात रोजच्या सवयीने पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढत होतो. पिवळे पान, शिक्का. पांढरे पान, जर्मन आयात, शिक्का. त्यानंतरचे पान, जर्मनीतून पुनर्निर्यात: कोरे. व्हाउचरही जागच्या जागी शाबूत. म्हणजे स्विस कागदांप्रमाणे माझा माल स्वित्झर्लंडमध्ये आला होता, पण जर्मन कागदांप्रमाणे तो अजून जर्मनीतच होता.

पहिला विचार अर्थातच मागे फिरण्याचा आला. पण शिक्का हवा तर माल जर्मन अधिकाऱ्यासमोर ठेवायला हवा. माल जर्मनीत न्यायचा तर आधी स्वित्झर्लंडमधून पुनर्निर्यातीचे पान वापरायला हवे. आणि पुन्हा स्वित्झर्लंडमध्ये शिरायचे तर पांढरा तिसरा संच हवा. माझ्याकडे दोनच होते. त्या क्षणी मला काकांचे ‘कागदाला वजन नसतं’ आठवले आणि जे वाटायचे ते वाटले. मंगळवारी दिवसभर प्रात्यक्षिक होते, बुधवारी झुरिकहून विमान. मुंबईत तेव्हा पहाट व्हायची होती, तरी काकांना फोन केला. त्यांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. ‘‘स्विस आयातीचा शिक्का स्वच्छ उमटलाय का? तारीख वाचता येते? मग तेच पान जपा. दुसऱ्या देशाच्या कस्टम्सनं माल आत घेतल्याचं लिहिलंय, म्हणजे पहिल्यातून तो बाहेर पडलाच की. तशी करारात सोय आहे. पण झुरिकचा शिक्का आणि मुंबईचा शिक्का चुकवाल, तर मग मला फोन करू नका.’’

झुरिक विमानतळावर मी पाच तास आधी पोहोचलो होतो. कस्टम्सची खिडकी शोधली, पेट्या ढकलगाडीवरून तिथवर नेल्या, शिक्का घेतला, अक्षरे ओली असतानाच त्यावर फुंकर घातली आणि मगच बोर्डिंग पासच्या रांगेत उभा राहिलो. विंटरथूरच्या कारखान्याने एक मास्टर रिंग पंधरा दिवस ठेवून घेण्याची विनंती केली होती. यादीतला माल टप्प्याटप्प्याने परत आणता येतो, त्यामुळे ते अगदीच अशक्य नव्हते. पण उरलेल्या रिंगेसाठी पुन्हा पाने लागली असती, आणि पानांच्या बाबतीत आता माझी काहीही धाडस करण्याची तयारी नव्हती. मुंबईत लाल मार्गिकेत पुनर्आयातीचे पिवळे पान पुढे केले. एकशे अडतीस नंबरची रिंग या वेळी कोणी उघडूनही पाहिली नाही.

वापरलेले कार्नेट फिक्कीकडे परत करावे लागते. ते पाठवण्यापूर्वी मी प्रत्येक स्थळप्रतीची मोठ्या आकारात रंगीत प्रत काढून ठेवली आणि सोबतच्या पत्रात राहिलेल्या शिक्क्याची हकीकत आपणहून लिहिली. फिक्कीकडून उत्तर आले की जर्मनीची पुनर्निर्यात नोंदलेली नसल्याने दाव्याची मुदत संपेपर्यंत तारण सोडता येणार नाही. ते रास्तच होते. एप्रिल २०२५ मध्ये कार्नेटची मुदत संपली आणि पुढचे चार महिने काहीच घडले नाही, तेव्हा मला उगीच वाटू लागले की जर्मनीतल्या कोणा कारकुनाने आमचे पान बाजूला ठेवून दिले असावे.

श्रावणात दावा आला. काकांच्या काड्या ज्या क्रमाने मांडल्या होत्या त्याच क्रमाने: जर्मन कस्टम्स, डीआयएचके, फिक्की, भोसरी. दावा आल्यापासून पुरावा देण्यासाठी सहा महिने मिळतात. आम्ही स्विस आयातीची, स्विस पुनर्निर्यातीची आणि मुंबईतील पुनर्आयातीची अशा तिन्ही स्थळप्रतींच्या प्रती, सव्वीसही नगांची यादी आणि दोन पानांचे निवेदन पाठवले. निवेदनात मी सबबी सांगितल्या नाहीत. गाडी थांबली नाही, मी उतरलो नाही, एवढेच लिहिले. तिन्ही शिक्के नसते तर भारतातल्या कस्टम्सकडून किंवा इथल्या जर्मन वकिलातीकडून माल समक्ष दाखवून ‘तो आज इथे आहे’ असा दाखला घेण्याचा मार्ग उरला असता, पण तो लांबचा होता. अशा प्रकरणात नियमितीकरणाचा आकार, म्हणजे राहिलेली नोंद मान्य करून घेण्याची फी, लावण्याची मुभा करारात आहे; आमच्या वाट्याला तो आला नाही. नोव्हेंबरमध्ये दावा मागे घेतल्याचे कळले.

मधल्या काळात श्वाबेनच्या त्या कारखानदाराने दुसऱ्यांदा मागणी नोंदवली. आमच्याकडे नंबर कोरण्याचे काम आता लेसरवर होते आणि एकशे अडतीसमधला तीन लांबूनही तीनच दिसतो. नव्या कार्नेटच्या अर्जात मी पांढरे पाच संच मागितले आहेत. काकांनी ते पाहून विचारले, ‘‘पाच देश फिरणार काय?’’ बँकेला जुनी गॅरंटी रद्द करण्याचे पत्र पोहोचले, पण तोवर तिसऱ्या वर्षाचे कमिशन खात्यातून वळते झाले होते.